फळीची मागची बाजू

जुन्या चादरीत गुंडाळलेलं ते काहीतरी कामाच्या टेबलावर, बरोबर त्याच्या रोजच्या जागेवर आडवं पडलं होतं, आणि चादर उघडायच्या आधीच थोरल्याच्या डोक्यात तिडीक गेली, कारण चादर आईची होती. निळ्या चौकड्यांची, एका कोपऱ्याला इस्तरीनं करपलेली. आई गेली ती धाकट्याच्या घरी. तिच्या चादरी, तिचं कपाट, तिचा चष्मा, सगळं तिकडेच राहिलं आणि थोरल्यानं त्यातलं काहीही मागितलं नाही. मागायला तोंड उघडावं लागलं असतं. बारा वर्षं दोघा भावांनी एकमेकांपुढे तोंड उघडलं नव्हतं. आईला पोचवायला गेले तो एक दिवस सोडला तर. आणि त्या दिवशीही जे बोलणं झालं ते गाडीत कोण कुठं बसणार एवढ्यापुरतंच.

"काल तुम्ही दवाखान्याचा बोर्ड बसवायला गेला होतात ना, तेव्हा भाऊजी ठेवून गेले," बायको दारातून म्हणाली. दुकानाच्या मागंच घर. त्यामुळे मधल्या दारात उभं राहून तिला दोन्हीकडे लक्ष ठेवता यायचं. "पाणीसुद्धा घेतलं नाही. चिठ्ठी आहे बघा वर."

"काल सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर काल जेवला असतात का?"

चिठ्ठी चादरीच्या गाठीत खोचलेली होती. 'दादा, ही भिंतीवर लावायची आहे. मागून दिवे सोडून दे. मागचं सगळं काढून टाक, काही ठेवू नकोस. रविवारी येतो.' बस, एवढंच. थोरल्यानं ती दोनदा वाचली. म्हणजे बारा वर्षांनी पहिला शब्द, आणि तोही हुकूम. कसा आहेस नाही, काही नाही. सोडून दे, काढून टाक, ठेवू नकोस. अक्षर मात्र अजून तसंच होतं, शाळेतल्यासारखं गोल गोल, आणि त्या अक्षराचाही त्याला राग आला.

गाठ सोडली आणि त्याचा हात जागच्या जागी थांबला. ती पिनबॉलच्या मशीनची फळी होती. मशीनचे पाय गेले, काच गेली, लाकडी डबा गेला, की जे उरतं ती ही फळी: साडेतीन फूट लांब, पावणेदोन फूट रुंद, वर चित्र रंगवलेलं, चित्रात रंगीत प्लास्टिकची भिंगं बसवलेली, आणि खालून तारा, स्विच, कॉइल यांचं सगळं आतडं लोंबत असलेलं. या फळीवर समुद्राचा तळ होता. मधोमध जुन्या पद्धतीचा पितळी टोप घातलेला पाणबुड्या, त्याच्या टोपावर पिवळा दिवा, आणि उजवीकडून त्याच्या अंगावर येणारा आठ हातांचा प्राणी, त्याचे डोळे लाल. तळाशी, लोखंडी गोळीला परत वर टोलवणाऱ्या फ्लिपरच्या वर, लाखो गोळ्यांनी घासून रंग उडाला होता आणि लाकूड उघडं पडलं होतं. डाव्या कडेला अर्ध्या रुपयाएवढा जळका डाग. तो डाग थोरल्यानं स्वतः पाडला होता, गरम सोल्डरिंग आयर्न विसरून. म्हणजे हेच ते मशीन. अशी मशीनं शेकड्यांनी निघाली असतील, पण हा डाग एकाच मशीनला होता. आणि याच मशीनवरून हे सगळं झालं होतं, आणि ते धाकट्याला माहीत होतं, आणि म्हणूनच ते आईच्या चादरीत बांधून इथं आणून टाकलं होतं. जखमेवर मीठ चोळायचं तर किती व्यवस्थित चोळावं! "टाकून द्या नाहीतर परत पाठवा," बायको म्हणाली. "करणार," तो म्हणाला. "असं करून देतो की बघत राहील." बायकोनं त्याच्याकडे पाहिलं आणि नुसतंच म्हणाली, "झालं. टिल्ट."

टिल्ट हे त्याचं जुनं नाव. पिनबॉलच्या मशीनच्या पोटात एक लंबक टांगलेला असतो, एका कडीच्या बरोबर मधोमध. खेळणाऱ्यानं रागानं मशीन हलवलं, धक्का मारला, की लंबक कडीला लागतो आणि क्षणात सगळे दिवे जातात, फ्लिपर मरतात, गोळी आपली घरंगळत खाली जाते. याला टिल्ट म्हणतात. तो पूर्वी ज्या खेळघरात मशीनं दुरुस्त करायचा, तिथल्या पोरासोरांनी मिस्त्रीच्या स्वभावाकडे पाहून त्याला हे नाव ठेवलं होतं, आणि ते त्याच्या कानावर आलं तेव्हा तो इतका भडकला की नाव कायमचं चिकटलं. चाळीस मशीनं होती त्या तळघरात. वरच्या रस्त्यावरून पायऱ्या उतरल्या की गरम धुळीचा आणि तेलाचा वास यायचा, आणि चाळीस मशीनं एकाच वेळी बडबडत असायची. वीस वर्षं तो त्या बडबडीत उभा राहिला. आता त्याला डाव्या कानानं कमी ऐकू येत होतं आणि दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शिकवणीवर्गांच्या नावांना मागून दिवे लावून तो पोट भरत होता. अक्षरं कापायची, पांढरं अक्रिलिक लावायचं, मागं एलईडीच्या पट्ट्या चिकटवायच्या. त्यात काही बिघडत नाही, काही हलत नाही. अक्षरं जिथल्या तिथं उजळत राहतात, आणि थोरल्याला ती मनातून अजिबात आवडत नसत.

बुधवारी त्यानं फळी पालथी घातली. खरं तर दुसरी कामं पडून होती, चष्म्याच्या दुकानाचा माणूस दोनदा येऊन गेला होता, पण त्याला हे आधी संपवून टाकायचं होतं, डोळ्यांसमोरून घालवायचं होतं. पालथी फळी म्हणजे वेगळंच जग. पुढून समुद्र, रंग, दिवे. मागून फक्त लाकूड आणि तारांच्या जुड्या, आणि जे पुढून डावीकडे ते मागून उजवीकडे. नव्या माणसाची पहिली चूक हीच होते. धाकट्याला कामावर आणलं तेव्हा पहिल्या दिवशी त्यानं हेच शिकवलं होतं: "मागून हात घातलास की स्वतःला विचार, माझा डावा कुठला. विचारल्याशिवाय तार जोडायची नाही." धाकटा तेव्हा वीस वर्षांचा होता आणि कुठल्याही प्रश्नाला हसायचा. हसायचा आणि डोळे मिटून मशीनला कान लावायचा, आणि सांगायचा, "दादा, तिसरी कॉइल दमलीय." दमलीय! कॉइल दमते का? पण उघडून पाहिली की खरंच तीच जळत आलेली असायची. ही गोष्ट थोरल्याला कधी सहन झाली नाही. त्याला ते कसब वर्षानुवर्षं मान मोडून मिळालं होतं, आणि याला कानातून फुकट मिळालं होतं. ते त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. पण प्रत्येक वेळी धाकटा म्हणायचा दमलीय, आणि प्रत्येक वेळी थोरल्याच्या हातातला स्क्रू एक फेरा जास्तच आवळला जायचा. त्या दोघांत एकाच गोष्टीवरून रोज वाद व्हायचा. थोरला तार जोडताना ती स्विचच्या पायातून ओवून दोन वेढे द्यायचा, घट्ट, आणि मगच सोल्डर लावायचा. धाकटा नुसता एक आकडा करायचा, अडकवायचा आणि सोल्डरचा थेंब टाकून मोकळा. "दोन वेढे घे." "एकात राहतं की दादा." "आज राहील, उद्या सुटेल." "सुटली तर परत लावू." हे इतकं बिनघोर उत्तर होतं की ऐकून थोरल्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. दोन वेढे घेणारा माणूस चुकत नाही असं त्याला वाटत होतं. नव्हे, तशी त्याची खात्रीच होती.

त्यानं फ्लिपरच्या कॉइल काढल्या, गोळीला झटका देणाऱ्या बंपरचे शंकू काढले, दिव्यांचे होल्डर एकेक करून उपटले आणि बादलीत टाकले. प्रत्येक स्क्रू फिरवताना मनातल्या मनात तो धाकट्याला सुनावत होता. तू काय समजतोस, मला काही आठवत नाही? मालकापुढे मान खाली घालून मी उभा राहिलो, तू नाही. खरं म्हणजे मान धाकट्याची खाली होती, थोरल्याची ताठ होती, पण बारा वर्षांत हे चित्र आपोआप असं फिरलं होतं आणि ते तपासून पाहायची वेळ कधी आली नव्हती. झालं होतं ते असं. पाणबुड्याच्या मशीनवर वरच्या बाजूला तीन अरुंद गल्ल्या होत्या, आणि प्रत्येक गल्लीत गोळीच्या वजनानं दबणारी एक तार. त्या आठवड्यात तिन्ही गल्ल्यांचे स्विच नवे बसवले, आणि दुसऱ्या दिवसापासून मशीन फुकट खेळ वाटायला लागलं. फळीवरची दोन निशाणं गोळीनं पाडून ठेवायची आणि गोळी वरच्या गल्ल्यांतून सोडायची. मशीन तीन खरे ठोके मोजायचं आणि चौथा, न झालेला ठोका पदरचा घालायचं. टोपावरचा दिवा लागायचा, खट्‌ असा आवाज यायचा, एक खेळ फुकट. बातमी पसरायला किती वेळ लागतो? तीन दिवसांत त्या एका मशीनपुढे रांग लागली आणि बाकीची एकोणचाळीस ओस पडली. चौथ्या दिवशी मालक पायऱ्या उतरून आले. मालक आवाज चढवत नसत. "मिस्त्री, वरच्या गल्ल्या कुणी जोडल्या?" त्यांनी विचारलं. आसपास गिऱ्हाइकं उभी होती. मालकाच्या मनात काय आहे ते उघड होतं: कुणीतरी आपल्या दोस्तांसाठी मशीन फितवलंय. थोरल्याला विचार करायला एक क्षणही लागला नाही. "धाकट्यानं," तो म्हणाला. एक आकडा आणि एक थेंब, असल्या कामाचं दुसरं काय होणार! धाकटा तिथंच होता, हातात पक्कड घेऊन. त्यानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं, तळव्यांकडे, मग पाठीकडे, जणू काही तिथं लिहिलेलं होतं. तोंडातून ब्र काढला नाही. त्याच संध्याकाळी त्याला काढून टाकलं. मशीनला कुलूप घातलं, आणि आठवड्याभरात ते एका व्यापाऱ्याला विकलं गेलं. त्या आठवडाभर किल्ली थोरल्याच्या खिशात होती. त्यानं उघडून पाहिलं नाही. पाहायचं काय त्यात?

धाकट्यानं परत कधी सोल्डरिंग आयर्न हातात धरलं नाही. एका टाइल्सच्या दुकानात लागला, आणि तिथंच आहे. मशीनला कान लावून कॉइल दमलीय म्हणणारा माणूस बारा वर्षं लोकांना न्हाणीघराच्या फरशा दाखवतोय. हे थोरल्याला नातेवाइकांकडून कळायचं, आणि दर वेळी तो म्हणायचा, "त्याला कष्ट नकोतच कधी." आईनं एकदाच विषय काढला होता. "तू एवढं खात्रीनं कसं म्हणालास रे?" आणि तो आईवर इतका ओरडला की ती गप्प बसली, आणि पुढच्या महिन्यात कपाटासकट धाकट्याकडे राहायला गेली. त्याचंही खापर त्यानं धाकट्यावरच फोडलं. आईला तोडली. माझ्यापासून माझी आई तोडली. दोघा भावांत उभा दावा मांडला गेला, आणि एकदा मांडल्यावर तो चालू ठेवायला फारसं काही करावं लागलं नाही, नुसतं रोज सकाळी उठल्यावर तो तिथं आहे ना एवढं बघायचं.

शुक्रवारी दुपारी तो वरच्या गल्ल्यांपाशी आला. ते त्यानं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. त्यात एक चव होती, आणि ती त्याला माहीत होती. मनातून त्यानं ठरवलं होतं की धाकट्याचा तो जोड सापडला की कापून घ्यायचा, चिठ्ठीत गुंडाळायचा आणि रविवारी त्याच्या हातावर ठेवायचा. घे. काही ठेवू नकोस म्हणालास ना, हे तुझं तूच ने. टेबलावरचा दिवा त्यानं खाली ओढला आणि भिंगाचा चष्मा लावला. पहिली गल्ली: एक आकडा, एक थेंब, धाकट्याचा हात. डायोड सरळ, तार बरोबर. या स्विचवर एक बारका डायोड असतो, वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा, आणि तार त्याच्या बरोबर बाजूच्या पायाला लावावी लागते. चुकीच्या पायाला लावली की डायोड असून नसल्यासारखा होतो आणि मशीनला खोटे ठोके दिसायला लागतात. दुसरी गल्ली: एक आकडा, एक थेंब. सरळ. बरोबर. त्यानं पुन्हा पाहिलं, बोटानं तार सोडवून पाहिली, अगदी बरोबर. तिसरी गल्ली. इथं तार उलट्या पायाला होती. सापडला, असं तो मोठ्यानं म्हणाला, आणि मग त्यानं दिवा आणखी खाली ओढला, कारण तार पायातून ओवलेली होती आणि तिला दोन वेढे दिलेले होते. घट्ट, शेजारी शेजारी, एकावर एक न चढू देता. वीस वर्षांत त्या तळघरात असे वेढे देणारा एकच माणूस होता.

माणसाच्या डोक्यात आठवण कुठं लपून बसते कोण जाणे. बारा वर्षं ती नव्हतीच, आणि आता अशी सरळ समोर आली की जणू दाराबाहेरच उभी होती. दुपार होती. धाकटा म्हणाला, "दादा, दोन झाल्या, तिसरी राहिलीय. आईचा चष्मा दुरुस्तीला टाकलाय, पाच वाजता बंद होतं दुकान, जाऊन आणतो." आणि तो परवानगीची वाट न बघता, हसत, पायऱ्या दोन-दोन चढत गेला. थोरल्याला तेव्हा भयंकर राग आला होता. चष्म्याचा नव्हे, त्या दोन-दोन पायऱ्यांचा. त्यानं फळी उभी केली, एका खांद्यावर तोलली, मागून हात घातला आणि रागारागानं तिसरी तार जोडली. माझा डावा कुठला, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही. बाकी सगळं नीट केलं. दोन वेढेसुद्धा नीट दिले. आणि मालकानं विचारलं तेव्हा ही दुपार त्याला आठवली नाही. की आठवली, आणि क्षणात तिला मागं ढकललं, हे आता त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. पण आठवडाभर किल्ली खिशात असून त्यानं कुलूप काढलं नव्हतं. ज्याला खात्री असते त्याला बघायला भीती वाटत नाही. त्याला भीती वाटली होती. बोटं किल्लीवर जायची आणि परत यायची, हेही आता आठवलं.

त्याच्या पायाखालची वाळू सरकली वगैरे काही झालं नाही. तो स्टुलावर बसून राहिला आणि पहिल्यांदा त्याच्या मनात जे आलं ते असं की, याला ठाऊक होतं. धाकट्यानं फळी पाहिली असणार, दोन वेढे पाहिले असणार, आणि म्हणूनच ती आणून टाकली. काही ठेवू नकोस! म्हणजे बघ, आणि स्वतःच्या हातानं पूस. किती थंड डोक्याचा सूड! त्याला धाकट्याचा पूर्वी कधी आला नव्हता इतका राग आला. चुकलेला भाऊ परवडतो, दोन शिव्या देता येतात. बरोबर निघालेल्या भावाचं काय करायचं? बारा वर्षं ज्याला पाण्यात पाहिलं, त्यानं एका चादरीत बांधून सगळं पाणीच काढून घेतलं. त्यानं कटर उचललं आणि तो जोड, स्विचचा पाय, डायोड आणि बोटभर तारेसकट, कापून टाकला. बादलीत टाकणार होता. टाकला नाही. स्क्रूच्या रिकाम्या पत्र्याच्या डबीत ठेवला आणि डबी खणात सरकवली. का, ते त्यानं स्वतःला विचारलं नाही. स्वतःला प्रश्न विचारायची सवय त्यानं दुसऱ्यांनाच लावली होती.

शनिवारी त्यानं इतकं नेटकं काम केलं की चष्म्याच्या दुकानवाल्यानं ते पाहून स्वतःच्या बोर्डाची तक्रार मागं घेतली. चार इंच खोल चौकट केली, आतून पांढरा रंग दिला, पाठीमागच्या फळकुटावर एलईडीच्या पट्ट्या नागमोडी चिकटवल्या. स्क्रूंची जुनी भोकं एकेक करून काळ्या कागदानं बुजवली, नाहीतर नको तिथून प्रकाशाची सुई बाहेर येते. भिंगांच्या मागं दुधी कागद लावला, म्हणजे आतले दिवे ठिपक्यांसारखे दिसू नयेत. फळीची मागची बाजू आता कोरी झाली होती. संध्याकाळी त्यानं बटण दाबलं आणि समुद्र उजळला: निळं, हिरवं, प्राण्याचे लाल डोळे, आणि मधोमध पाणबुड्याच्या टोपावरचा पिवळा दिवा. पूर्वी तो दिवा क्षणभर लागायचा. आता लागूनच राहणार होता. बायको येऊन उभी राहिली. "छान दिसतंय," ती म्हणाली, मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून, "काय झालंय हो तुम्हाला?" तो टेबलावरचे तारेचे तुकडे झाडायला लागला.

रविवारी धाकटा दहा वाजता आला. केस कानांपाशी पांढरे झालेले, नखांत सिमेंटची भुकटी, आणि दारातून आत येताना आपण आत येऊ का हे न विचारता विचारणारं काहीतरी चालण्यात. थोरला वाक्यं तयार ठेवून उभा होता. सूड घ्यायला आलास ना, घे, हे त्यांतलं पहिलं. पण धाकट्यानं त्याच्याकडे पाहिलंच नाही. तो उजळलेल्या फळीपुढे जाऊन थांबला.

"मागचं सगळं काढलंस?" त्यानं विचारलं.

"काढलं."

"टाकलंस?"

"बादलीत आहे."

"बरं केलंस." त्यानं असा श्वास सोडला की खांदे दोन इंच खाली आले.

"काय बरं केलं? सरळ बोल की. कोड्यात कशाला बोलतोस?"

"कोडं कसलं दादा." धाकटा अजून दिव्यांकडेच बघत होता. "मी पालथी करून पाहिली नाही. भंगारवाल्याकडे दिसली, डागावरून ओळखली. त्यालाच चादर दिली आणि म्हटलं, तूच बांध, मला बघायचं नाही. इथंही तोंड वर करूनच ठेवली, वहिनीला विचार. हिंमतच झाली नाही."

"कशाची?"

"माझ्या दोन जोडांतला कुठला होता ते बघायची. पहिल्या गल्लीतला का दुसऱ्या. बारा वर्षं डोक्यात तेच फिरतंय. फरशी दाखवता दाखवता एकदम आठवतं, पहिल्यात तार कुठल्या पायाला लावली होती मी? तू म्हणालास म्हणजे माझंच असणार, तू कुठं चुकायचास? घाईत होतो मी त्या दिवशी, एवढं खरं." तो पहिल्यांदाच किंचित हसला, जुन्या हसण्याचा एक कोपरा. "म्हटलं दादाकडूनच साफ करून घ्यावी. भिंतीवर टांगायची. मागं काही नाही, नुसते दिवे. म्हणजे संपलं."

थोरल्याच्या तोंडातली तयार वाक्यं एकेक करून विरघळली. धाकट्याला माहीतच नव्हतं. सूड नव्हता, हुकूम नव्हता. त्यानं फक्त भाऊ म्हणाला म्हणून बारा वर्षं दुसऱ्याची चूक पाठीवर वाहिली होती, आणि आता ती उतरवून ठेवायला तिच्या मालकाकडेच आला होता. खण हाताच्या अंतरावर होता. पण खण कुणी उघडायला सांगत नव्हतं. कुणालाही कधीही कळणार नव्हतं. उलट एक फार सोपं, फार मोठ्या मनाचं वाक्य जिभेवर येऊन बसलं होतं, आणि ते त्यानं म्हणूनही टाकलं.

"जाऊ दे रे. झालं ते झालं."

धाकट्याचा चेहरा एकदम पिळवटला. डोळे भरून आले, आणि त्यानं दोन्ही हातांनी थोरल्याचा हात धरला, घट्ट, तळवे खरखरीत. "दादा," तो म्हणाला, "तू असं म्हणशील असं मला..." थोरल्यानं तो धरलेला हात पाहिला. आपल्या हाताला कुणी इतक्या कृतज्ञतेनं धरल्याचं त्याला आयुष्यात आठवत नव्हतं. क्षमा केल्याबद्दल! हात सोडवून घेऊन त्यानं खण ओढला, तो अडकला, जोरानं ओढला, आणि डबी काढून फळीच्या उजेडात उघडी ठेवली.

धाकटा आधी समजला नाही. मग त्यानं तो तुकडा चिमटीत धरला, पाणबुड्याच्या दिव्याजवळ नेला, आणि नखानं तारेचे वेढे मोजले. एक. दोन. परत मोजले.

"तिसरी गल्ली," तो म्हणाला.

"हो."

"मी आईचा चष्मा आणायला गेलो होतो."

"हो."

"तुला कधी कळलं?"

"परवा."

रस्त्यावरून एक गाडी गेली आणि खणातले स्क्रू हलकेच वाजले. थोरला वाट पाहत होता. शिवी आली असती तर बरं झालं असतं, थोबाडीत आली असती तर त्याहून बरं.

"परवा कळलं," धाकटा सावकाश म्हणाला, "आणि आत्ता मला म्हणालास, जाऊ दे."

"तोंडातून निघून..."

"बारा वर्षांचं राहू दे दादा. तेव्हा तुला खरंच तसं वाटलं असेल. चुकतो माणूस. ते मी कसंही गिळलं असतं." आवाज अजिबात चढला नव्हता, त्या वेळी मालकाचा चढला नव्हता तसाच. "पण हे आत्ताचं. मी तुझा हात धरला."

त्यानं तुकडा डबीत ठेवला, झाकण लावलं आणि डबी वरच्या खिशात टाकली. टेबलाच्या कडेला पडलेली आईची चादर उचलली, झटकली, कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घातली, इस्तरीचा डाग आतल्या बाजूला गेला. घडी काखेत धरून तो दाराकडे वळला.

"ही नेत नाहीस?" थोरल्यानं विचारलं. आवाज स्वतःचाच वाटेना.

"तुझ्या भिंतीला लाव," धाकटा म्हणाला, आणि गेला. पायऱ्या नव्हत्याच, एकच उंबरा होता. तो त्यानं जपून, एकेक पाय टाकत ओलांडला.

थोरला फळीपुढे एकटा राहिला. समुद्र आपला शांतपणे उजळलेला होता, एकही भिंग फडफडत नव्हतं. त्यानं दोन्ही हातांनी चौकट धरली आणि रागावलेलं गिऱ्हाईक मारायचं तसा तळव्याचा दणका दिला. दिवे गेले नाहीत. त्यानं पुन्हा दिला, या वेळी सगळा जीव एकवटून, टेबल सरकलं, खण उघडून स्क्रू जमिनीवर पसरले. पण लंबक डब्यात असतो आणि डबा केव्हाच भंगारात गेला होता. त्याचं कामच इतकं पक्कं होतं की एक दिवासुद्धा लुकलुकला नाही.

बायको दोन कप घेऊन मधल्या दारात आली होती. तिनं रिकामं दुकान पाहिलं, जमिनीवरचे स्क्रू पाहिले.

"भाऊजी गेले? चहा केला होता मी." मग थोड्या वेळानं, "बंद करू का ते?"

"राहू दे," तो म्हणाला.